वावर विकायच्या आधी

वाशिम

चि. प्राजक्ता,


काल तुझ्या आईचा फोन आला होता. सीईटीत चांगले पर्सेंटाइल आले, अमरावतीला इंजिनीअरिंग लागेल, हे तिनं एका वाक्यात उरकलं आणि पुढची पंधरा मिनिटं वावराचंच बोलत राहिली. नाल्याकडचे दोन एकर काढायचं तुझ्या बाबांनी मनात घेतलंय, गिऱ्हाईकही पाहून ठेवलंय म्हणे. त्यांना सांग, मामा म्हणतो थोडं थांबा. वावर विकायला नंतरही येईल. विकलेलं परत घ्यायला आपल्या घरात कुणाला जमलेलं नाही.

माझी नोकरी कॉलेजात स्कॉलरशिपच्या टेबलावर गेली, हे तुला माहीत आहे. तिथं बसून एक गोष्ट पक्की कळली. मदत हुकणारी बहुतेक लेकरं मार्कांमुळे हुकत नाहीत, पात्रतेमुळेही नाहीत. नावातलं एक अक्षर, बंद पडलेलं बँक खातं, संपून गेलेली तारीख, अशा फालतू कारणांनी हुकतात. म्हणून हे पत्र लांबलंय. पूर्ण वाच आणि जपून ठेव.

आधी पैशाचं सांगतो, म्हणजे घरातला घोर कमी होईल. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयानं व्यावसायिक अभ्यासक्रमांतल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींची शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची सवलत पन्नास टक्क्यांवरून शंभर टक्के झाली. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं आणि प्रवेश कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून, झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून गेलीस तर यातलं काही मिळत नाही, तेव्हा गावातला कुणी ‘डोनेशनवर चांगली ब्रँच लावून देतो’ म्हणाला तर त्याला चहा पाजून वाटेला लाव.

पण शंभर टक्के म्हणजे सगळं फुकट, असं धरून बसू नकोस. सवलत फक्त त्या दोन शुल्कांची आहे. विकास शुल्क, अनामत, पुस्तकं, खोली, मेस, एसटीचं भाडं, हे सगळं उरतंच. पात्र मुलींकडून प्रवेशाच्या वेळी शिक्षण शुल्क घेऊ नका, असं शासनानं कॉलेजांना बजावलेलं आहे. तरी खिडकीवर कुणी मागितलंच तर भांडू नकोस, नुसतं म्हण, ‘मागणी लेखी द्या.’ लेखी म्हटलं की निम्म्या मागण्या तिथंच विरतात.

राहण्या-खाण्यासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. बारावीनंतर बाहेरगावी शिकणाऱ्या आणि शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या ओबीसी, व्हीजेएनटी, एसबीसी मुलामुलींना ती मिळते. अमरावतीसारख्या महापालिकेच्या गावात वर्षाला 51,000 रुपये. एका जिल्ह्याला सहाशेच जागा असतात आणि गुणवत्तेनं यादी लागते, म्हणून आधी वसतिगृहाचा अर्ज कर आणि पाठोपाठ हा. मानोऱ्याकडची, पोहरादेवी भागातली बंजाऱ्यांची मुलंही याच योजनेत अर्ज करतात. तुझ्या वर्गातल्या कुणाला हे ठाऊक नसेल तर सांग. आपली स्पर्धा वाढेल म्हणून लपवू नकोस.

आता कागद. इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण सगळं इथंच अडतं.

उत्पन्नाच्या दाखल्यापासून सुरुवात कर. तलाठ्याचा अहवाल (सरकारनं आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी केलंय, गावात अजून तलाठीच आहेत), सातबारा, आठ-अ, रेशनकार्ड एवढं घेऊन आपले सरकार सेवा केंद्रात जायचं, तहसीलदारांच्या सहीचा दाखला मिळतो. केंद्रावरचा पोरगा विचारेल, ‘किती टाकू?’ आणि सवयीनं काहीतरी हास्यास्पद आकडा टाकेल. तसं करू देऊ नकोस. शुल्क सवलतीची मर्यादा आठ लाखांची आहे, सोयाबीन आणि तुरीच्या घराला आकडा दाबायची गरजच नाही. खरं सांगायचं तर शेतकऱ्याचं उत्पन्न हा दरवर्षीचा अंदाजच असतो. एका वर्षी भाव पडतो, दुसऱ्या वर्षी शेंगा भरायच्या वेळी पाणी उभं राहतं, आणि दाखल्यावर मात्र एकच ठाम रक्कम लागते. ही पद्धत मला कधी पटली नाही. पण पटो न पटो, जी रक्कम लिहाल ती सगळीकडे तीच हवी. शिष्यवृत्तीच्या अर्जात साठ हजार आणि बँकेच्या कर्जात तीन लाख, असं दिसलं की दोन्हीकडे शंका येते. शिवाय दाखला 31 मार्चला संपतो, तो वर्षावर्षानं नवा काढावा लागतो.

जातीचा दाखला तुझ्याकडे आहे, नॉन क्रिमीलेयर काढून घे. जातीची वैधता मात्र अजून बाकी आहे आणि खरं घोडं तिथंच अडतं. राखीव जागेवर प्रवेश घेतलास आणि मुदतीत वैधता प्रमाणपत्र दिलं नाहीस, तर प्रवेश खुल्या गटात जातो. ओबीसीसाठी 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा लागतो. आपल्या कुणबी घरात तो असतोच, फक्त शोधावा लागतो: तुझ्या आजोबांचा शाळेतला दाखल-खारीजचा उतारा किंवा पणजोबांच्या वेळची कोतवाल बुकाची नक्कल. तुझ्या सख्ख्या काकांची वैधता झालेली आहे. तिची प्रत आणि वंशावळीचं शपथपत्र जोडलं की काम पुष्कळ सोपं होतं. काकांशी तुझ्या बाबांचा धुऱ्यावरून अबोला आहे, हे मला माहीत आहे. तरी तू स्वतः जा, पाया पड आणि प्रत माग. पुतणीला ते नाही म्हणणार नाहीत.

यात आपल्या जिल्ह्याची एक खास अडचण आहे. वाशिम जिल्हा 1 जुलै 1998 ला झाला. त्याआधी आपण अकोल्यात होतो. त्यामुळे आजोबांच्या उताऱ्यावर ‘जि. अकोला’ असणार आणि तुझ्या दाखल्यावर ‘जि. वाशिम’. बाहेरगावच्या टेबलावर बसलेल्या माणसाला हे ठाऊक नसलं तर तो कागद बाजूला सारतो. अशा वेळी गोंधळू नकोस. गाव तेच, तालुका तोच, जिल्हा विभागला, एवढं शांतपणे सांग. उताऱ्यावर खाडाखोड करून अकोल्याचं वाशिम मात्र चुकूनही करू नका. खाडाखोडीचा एक कागद सगळी फाइल बुडवतो.

अर्ज महाडीबीटीवर भरायचा. अर्ज तू स्वतः भर, कॅफेवाल्याच्या हातात देऊ नकोस. त्याला शंभर अर्ज उरकायचे असतात, तुझा एकच आहे. मोबाइल नंबर तुझाच टाक, पासवर्ड वहीत लिहून ठेव, ओटीपी कुणाला सांगू नकोस. तुझ्या आधारवरच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक ‘ए’ कमी आहे, दहावीच्या गुणपत्रिकेत तो आहे. मागच्या दिवाळीला मी बोललो होतो. अजून दुरुस्त केलं नसेल तर या आठवड्यात कर.

अर्ज भरला म्हणजे काम संपलं, असं समजून निम्मी मुलं तिथंच थांबतात. तो आधी कॉलेजच्या कारकुनाकडे जातो, मग प्राचार्यांकडे, मग विभागाकडे. यात कुठंही त्रुटी निघाली की अर्ज ‘सेंड बॅक’ होऊन तुझ्याच लॉगिनला परत येतो आणि तिथं पडून राहतो. घरी येऊन तुला कुणी सांगणार नाही. म्हणून दर रविवारी लॉगिन करून बघत जा. मंजूर झाल्यावरही व्हाउचर रिडीम करावं लागतं. मंजुरी दिसली म्हणून गावभर पेढे वाटलेले आणि रिडीमचं बटण न दाबल्यानं पैसे अडकलेले, असे माझ्या टेबलावर बरेच आले.

पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात येतात. इथं एक बारीक मेख आहे. केवायसीला आधार दिलेली खाती कितीही असू शकतात, पण अनुदान फक्त एकाच खात्यात पडतं, सर्वांत शेवटी ज्याचं सीडिंग, म्हणजे आधारची जोडणी, झालं त्यात. अमरावतीला गेल्यावर कुणी झीरो बॅलन्सचं नवं खातं काढून देईल, सिमकार्ड घेताना आणखी एखादं निघेल, आणि पैसे भलतीकडे जातील. शाळेत असताना काढलेलं तुझं अज्ञान खातंही चालायचं नाही, त्यावर रकमेची मर्यादा असते. बँकेत जाऊन ते सज्ञान करून घे आणि सीडिंग त्यालाच आहे याची खात्री कर.

फीचा भाग तुझ्या खात्यात आला तर तो कॉलेजचा आहे, त्याच आठवड्यात भर आणि पावती घे. फवारणीचे दिवस असतील, बाबा म्हणतील, ‘पंधरा दिवसांत परत टाकतो.’ नाही म्हण. बाप आहे म्हणून जड जाईल, तरी म्हण. पुढच्या वर्षी नूतनीकरणाच्या वेळी ती थकबाकी तुझ्याच नावावर दिसते.

एवढं करूनही कमी पडलं तर शैक्षणिक कर्ज आहे. चार लाखांपर्यंत तारण लागत नाही, आणि साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला शासनाच्या पतहमीची सोय आहे. परतफेड शिक्षण संपल्यानंतर वर्षभरानं सुरू होते. व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चढत असतं, हे बँकेचा माणूस हळू आवाजात सांगतो. तरीही सावकारापेक्षा आणि वावर काढण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

शेवटचं, जे आईनं दबक्या आवाजात सांगितलं. तुला ‘सरकारी मदतीवर शिकते’ असं कुणी म्हणेल याची लाज वाटते म्हणे. बाई, 1913 साली बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर, महिना साडेअकरा पौंड. त्यासाठी त्यांनी रीतसर करार केला होता, परत आल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी करायची. तीस वर्षांनंतर तेच व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते, आणि तेव्हा, 1944 मध्ये, दलित विद्यार्थ्यांसाठी केंद्राची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. शिष्यवृत्ती हा दोन बाजूंचा व्यवहार असतो. तुझ्या बाजूला हजेरी, निकाल आणि वेळेवर कागद. तेवढं केलंस तर मान खाली घालायचं काय कारण?

येत्या सोमवारी सकाळच्या एसटीनं वाशिमला ये. सगळे मूळ कागद प्लास्टिकच्या पिशवीत घाल, पावसाचे दिवस आहेत. आधी वैधतेसाठी जात पडताळणी समितीच्या कार्यालयात जाऊ, मग बँकेत. जेवण इथंच, मामीनं सांगून ठेवलंय.

तुझा,
मामा

ता. क. गोलू यंदा अकरावीत गेला ना? ओबीसी मुलांना शिक्षण शुल्कात निम्मीच सवलत आहे. एकाच घरात बहिणीला पूर्ण आणि भावाला अर्धी, यावर तो कुरकुर करेल, करू दे. त्याला सांग, इंजिनीअरिंगच्या कॅपमध्ये टीएफडब्ल्यूएस म्हणून पाच टक्के जादा जागा असतात, उत्पन्न आठ लाखांच्या आत असलं की कुठल्याही जातीच्या मुलाला शिक्षण शुल्क माफ. त्या मार्कांवर मिळतात आणि पहिल्याच फेरीत जातात. आणि त्याच्या वैधतेचा अर्ज बारावीत जाताच कॉलेजमार्फत टाका, तुझ्यासारखी शेवटच्या क्षणी धावपळ नको.