पेंवांतील हवा व मनुष्याचें रक्त

पेंव उघडल्याबरोबर आंत उतरूं नये, ही वडिलांची शिकवण बहुतेक शेतकऱ्यांस ठाऊक असते. तिचें कारण मात्र थोड्यांसच ठाऊक असतें. पेंवांचा प्रचार आतां पुष्कळ कमी झाला आहे. तथापि तोच धोका जुन्या विहिरींत व बंद कोठारांतही असल्यामुळें तें कारण आम्ही येथें देत आहोंत.

आपल्या फुप्फुसांत कोट्यवधि सूक्ष्म वायुकोश असून त्यांभोंवतीं केशवाहिन्यांचें जाळें असतें. हवा व रक्त यांमधील पडदा अत्यंत पातळ असतो. पाणी जसें उंच वाफ्यांतून सखल वाफ्यांत आपोआप उतरतें, तसा प्रत्येक वायु या पडद्यांतून अधिक दाबाकडून कमी दाबाकडे जातो. वायुकोशांत प्राणवायूचा दाब पाऱ्याच्या सुमारें १०० मिलिमीटर, व शरीरांतून फिरून आलेल्या रक्तांत सुमारें ४० असतो. म्हणून प्राणवायु रक्तांत शिरतो व तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिन त्यास धरून ठेवतें. कार्बन डायऑक्साइड, म्हणजे कर्बवायु, याचा दाब रक्तांत सुमारें ४६ व वायुकोशांत ४० असल्यामुळें तो बाहेर पडतो. हा सर्व व्यवहार केवळ या उतारावर चालतो.

आतां पेंवाकडे पाहूं. धान्यही सजीव असून श्वास घेतें. ओल असल्यास अधिकच. त्यामुळें बंद पेंवांत प्राणवायु घटतो व कर्बवायु सांचतो. कीड मरते व धान्य टिकतें, तें याच कारणानें. परंतु जी हवा धान्यास राखते तीच मनुष्यास मारते. समजा, त्या हवेंत प्राणवायु शेंकडा ४ व कर्बवायु शेंकडा १० आहे. तर प्राणवायूचा दाब ३० हूनही कमी व कर्बवायूचा ७० च्या सुमारास होतो. म्हणजे उतारच फिरला! रक्तांतील प्राणवायु उलट बाहेर जातो, कर्बवायु आंत शिरतो, व मिनिटाभरांत शुद्ध हरपते.

कर्बवायु हवेच्या सुमारें दीडपट जड असल्यामुळें तोंड उघडलें तरी तो तळाशीं राहतो. यास्तव पंख्यानें ताजी हवा तळापर्यंत घालावी, वायुमापक यंत्रानें परीक्षा करावी, व उतरणाराच्या छातीस दोर बांधून वर माणसें उभीं ठेवावीं. दिवा सोडून पाहण्याची जुनी रीत पुरेशी नाहीं. कांहीं विषारी वायूंत दिवा विझत नाहीं, व ज्वालाग्राही वायु असल्यास भडका होतो.

सर्वांत दुःखाची गोष्ट ही कीं, एक पडला म्हणजे त्याचा भाऊ धांवून उतरतो, व दोघेही आंत राहतात. माया कितीही असो, रक्ताचा नियम बदलत नाहीं. दोरानें वर ओढावें, मोकळ्या हवेंत निजवावें, श्वास बंद असल्यास कृत्रिम श्वास द्यावा व वैद्यकीय मदत बोलवावी. आमच्या वाचकांनीं ही गोष्ट आपल्या घरच्या मुलांस व गड्यांस आजच सांगून ठेवावी.