भरलेली ट्रॉली, जुना ट्रॅक्टर आणि घाटाचा उतार

ट्रॅक्टर विकत घेताना आपण विचारतो, "किती टन ओढतो?" सपाट रस्त्यावर हा प्रश्न पुरेसा आहे. घाटात मात्र दुसरा प्रश्न त्याहून महत्त्वाचा ठरतो: हा ट्रॅक्टर किती टन रोखून धरतो? पंधरा-वीस वर्षे चाललेल्या ट्रॅक्टरच्या बाबतीत तर हा प्रश्न आधी विचारावा. इंजिन थकले की ते आवाजावरून आणि धुरावरून कळते. ब्रेक थकलेला मात्र बहुधा उतारावरच कळतो.

थोडा हिशेब करून पाहू. ३५ अश्वशक्तीचा, सुमारे २ टन वजनाचा ट्रॅक्टर आणि मालासह ६ टनांची ट्रॉली धरू. एकूण वजन ८ टन झाले. वाडीवस्तीच्या रस्त्यावर काही ठिकाणी १० मीटरला १ मीटर असा चढ असतो. अशा चढावर ८ टनांचे वजन ८०० किलो जोराने मागे ओढते. डांबरी रस्त्यावर चाकांचा रोध आणखी दीडशे किलोच्या आसपास असतो. म्हणजे साडेनऊशे किलोची ओढ हवी. ताशी ७ किलोमीटर वेगाने चढायचे तर चाकांवर सुमारे २५ अश्वशक्ती लागते. इंजिन ठीक असेल तर खालच्या गिअरमध्ये ट्रॅक्टर हे काम करतो. मालक खूश होतो आणि पुढच्या खेपेला आणखी दहा पोती चढवतो.

आता तोच ट्रॅक्टर तोच माल घेऊन उतरतो आहे असे समजा. तेच ८०० किलो आता पुढे ढकलत असतात. चाकांचा रोध वजा केला तरी ६४० किलो उरतात. ताशी २० किलोमीटर वेगाने उतरल्यास इंजिन आणि ब्रेक मिळून ४५ अश्वशक्तीहून अधिक जोर सतत जिरवावा लागतो, म्हणजे इंजिनाच्या पूर्ण शक्तीपेक्षाही जास्त. त्याची उष्णता होते आणि ब्रेकचे लायनिंग तापून धरेनासे होते. ताशी ७ किलोमीटरने उतरल्यास हाच आकडा १७ अश्वशक्तीच्या आत येतो व त्यातील बराच भाग इंजिनच रोखून धरते. म्हणून ज्या गिअरमध्ये चढलो त्याच किंवा त्याच्या खालच्या गिअरमध्ये उतरावे, हा जुना नियम अजिबात मोडू नये. गिअर उतार सुरू होण्यापूर्वीच टाकावा. जुन्या ट्रॅक्टरचा गिअर उतारावर एकदा सुटला की वेग वाढतो आणि तो पुन्हा पडत नाही. डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रल करून उतरणारे चालक आजही दिसतात. वाचते ते वाटीभर डिझेल. क्लच दाबून ठेवणे हेही न्यूट्रलइतकेच घातक आहे.

आणखी एक गोष्ट बारकाईने समजून घ्यावी. ट्रॅक्टरचे ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना असतात आणि आपल्याकडील बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेकच नसतो. मागच्या चाकांवर ट्रॅक्टरचे साधारण १२०० किलो वजन येते. कोरड्या डांबरावर ही चाके सातशे किलोच्या आसपास पकड घेतात, म्हणजे वरचे ६४० किलो जेमतेम रोखले जातात. रस्त्यावर खडी, उसाचे पाचट किंवा पहिल्या पावसाचा चिखल असला तर पकड निम्म्यावर येते. मग ब्रेक कितीही चांगला असला तरी चाके घसटत जातात, मागून ट्रॉली रेटते आणि वळणावर ट्रॅक्टर व ट्रॉली कात्रीसारखे मिटतात. यावर एकच खात्रीचा उपाय आहे: घाटात माल निम्मा भरावा व दोन खेपा कराव्यात. वरच्या उदाहरणात ट्रॉली मालासह ३ टनांची केली तर पुढचा रेटा ४०० किलोवर येतो. दुसऱ्या खेपेचे डिझेल जड वाटते हे खरे, पण नवी ट्रॉली घेताना ब्रेक असलेलीच घ्यावी असे आम्ही आग्रहाने सांगू.

रस्त्याला लागण्यापूर्वी दोन्ही ब्रेक पायडल एकत्र जोडणारी कडी लावावी. शेतात वळण्यासाठी ती काढलेली असते आणि तशीच राहून जाते. घाटात एकच पायडल दाबले गेले तर ट्रॅक्टर त्या बाजूला झटक्यात वळतो. दोन्ही ब्रेक सारखे धरतात का हे पाहण्यासाठी मोकळ्या मातीच्या रस्त्यावर हळू चालवून ब्रेक दाबावा व दोन्ही टायरच्या घसटीच्या खुणा मोजाव्यात. नव्या ट्रॅक्टरचे ब्रेक तेलात बुडालेले असतात, जुन्यांचे पुष्कळदा कोरडे. कोरडे ब्रेक ओढा ओलांडल्यावर धरत नाहीत. पुढे थोडे अंतर हलका ब्रेक दाबत चालवून ते सुकवावेत.

ट्रॉली खालच्या हुकालाच जोडावी. ती वर, टॉप लिंकजवळ जोडली तर चढावर पुढची चाके उचलतात व ट्रॅक्टर मागे उलटतो. पिनेच्या जागी सळईचा तुकडा किंवा घरचा बोल्ट वापरू नये. पिनेला क्लिप आणि शेजारी साखळी हवी. दोन चाकी ट्रॉलीत माल आसाच्या किंचित पुढे ठेवावा. चढावर मालाचा भार मागे सरकतो. तो आधीच मागे असेल तर दांडी वर उचलते आणि ट्रॅक्टरची मागची चाके हलकी होऊन जागीच फिरतात. कडबा वजनाला हलका, पण उंच रचल्यास वळणावर तोच ट्रॉली कलंडवतो. मडगार्डवर किंवा मालावर माणसे बसवू नयेत.

चढताना जुने इंजिन तापते. रेडिएटरच्या जाळीत मळणीचा भुसा अडकलेला असतो, तो आधी हवेने किंवा पाण्याने साफ करावा व फॅन बेल्टचा ताण पाहावा. पाणी उकळू लागले तर ट्रॅक्टर सपाट जागी घेऊन चाकांना ठोकळे लावावेत आणि इंजिन काही मिनिटे मंद चालू ठेवावे. लगेच टोपण उघडू नये, आणि तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नये, कारण ब्लॉकला तडा जातो. ठोकळे लाकडी, त्रिकोणी आणि निदान दोन असावेत. रस्त्याकडेचा दगड लावला तर निघताना तो उचलून बाजूला टाकावा. मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला तो अंधारात दिसत नाही.

घाट उतरून पायथ्याशी आल्यावर पाच मिनिटे थांबावे. ब्रेकच्या घराजवळ हाताची पाठ नेऊन ऊब पाहावी. एक बाजू जास्त तापली असेल तर दुसऱ्या बाजूचा ब्रेक काम करीत नाही असे समजावे आणि पुढच्या खेपेपूर्वी तो जुळवून घ्यावा.