पहिले गुरू घरातच



वाशीच्या शाळेला ज्यांचे नाव आहे, ते फादर आग्नेल गोव्याच्या राशोल सेमिनरीत विद्यार्थ्यांचे आध्यात्मिक मार्गदर्शक होते. अशा शाळेत मूल घातले की श्रद्धेचे काम झाले, असे आपण समजतो. परंतु द्वितीय व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ख्रिस्ती शिक्षणावरील जाहीरनाम्यात आईवडिलांनाच मुलांचे पहिले व प्रमुख शिक्षक म्हटले. शाळा मदतीला असते.

दहावी आली की आपण ट्यूशन सांभाळतो आणि रविवारचे धर्मशिक्षण बंद करतो. ज्या वर्षी मूल सर्वांत घाबरलेले असते, त्याच वर्षी त्याचा आधार काढून घेतो.

आज रात्री टीव्ही बंद करून दहा मिनिटे मुलांसोबत प्रार्थनेला बसू या. मार्कांची चौकशी नंतर करू.