भय आणि ईमान

घरातील कोणी सतत भयाने ग्रासलेला असला, तर त्याला बहुधा एकच वाक्य ऐकवले जाते : "तुझे ईमान कमजोर आहे." मग तो दोन ओझी वाहू लागतो, एक भयाचे आणि दुसरे अपराधीपणाचे. वाचकहो, याबाबत दिव्य कुरआन आपल्याला काय शिकवतो, ते पाहू या.

हजरत मूसा (अ.स.) यांना फिरऔनकडे जाण्याचा आदेश झाला, तेव्हा आपल्याला ठार केले जाईल ही भीती त्यांनी अल्लाहपुढे उघडपणे मांडली आणि बंधू हजरत हारून (अ.स.) यांना सहायक म्हणून मागितले (सूरह अल-कसस, 28:33-34). अल्लाहने त्यांना दोष दिला नाही. बंधूची साथ दिली आणि आपण सोबत असल्याचे आश्वासन दिले (सूरह ताहा, 20:46). मात्र जाण्याचा आदेश मागे घेतला नाही.

यातून तीन गोष्टी कळतात. भय वाटणे हा ईमानचा अभाव नव्हे. भय बोलून दाखवणे व मदत मागणे हा कमीपणा नव्हे. आणि भय पूर्ण नाहीसे होण्याची वाट न पाहता पाऊल टाकता येते.

आजची मानसोपचार पद्धतीही याच वाटेने चालते. समजा, गर्दीत एखाद्याची छाती धडधडते, श्वास अपुरा वाटतो, म्हणून त्याने जुम्याच्या नमाजला जाणे सोडले. घरी थांबताच त्याला हायसे वाटते. पण त्याच क्षणी मन शिकते की मशीद धोक्याची आहे. टाळण्यानेच भय पोसले जाते. शरीराचा आजार नाही, याची डॉक्टरांकडून खात्री झाल्यावर समुपदेशक त्याला पायरीपायरीने पुढे नेतात : प्रथम मशीद रिकामी असताना थोडा वेळ बसणे, मग जमाअतमध्ये दाराजवळच्या शेवटच्या सफेत उभे राहणे, आणि नंतर जुम्मा. भयाची लाट येते, चढते आणि पळून न जाताही ओसरते, हे तो स्वतः अनुभवतो. भयाशी झुंजत बसण्याऐवजी त्याला सोबत घेऊन तो आपले कर्तव्य करू लागतो.

हा विचार आपल्याला परका नाही. इ.स. 934 मध्ये निधन पावलेले बल्खचे विद्वान अबू जैद अल-बल्खी यांनी शरीर व मन या दोहोंच्या आरोग्यावर ग्रंथ लिहिला. घरात औषधे जपून ठेवतात, तसे मन शांत असताना हितकर विचार साठवावेत आणि भयाच्या वेळी ते कामी आणावेत, असे त्यांनी सुचवले.

आजारासोबत अल्लाहने उपायही उतरवला आहे, ही आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे. मग तापावर औषध घेणारे आपण मनाच्या आजारावर उपचार घेताना का संकोचतो? दुआ आणि नमाज मनाला आधार देतात. उपचार हा त्या आधारासोबतचा प्रयत्न आहे. प्रयत्न सोडणे म्हणजे तवक्कुल नव्हे. शासनाच्या टेली-मानस सेवेत 14416 या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो.

हिरा गुहेतील पहिल्या दिव्य प्रकटनानंतर प्रेषित (स.) थरथरत घरी परतले. तेव्हा हजरत खदीजा (रजि.) यांनी त्यांना पांघरूण घातले, धीर दिला आणि जाणकार वरका बिन नौफल यांच्याकडे नेले. आपल्या घरात कोणी भयभीत असेल, तर आपणही हेच करावे : प्रथम ऐकावे, धीर द्यावा, मग जाणकाराकडे सोबत जावे.

अल्लाह प्रत्येक भयभीत हृदयाला सकीनत देवो. आमीन.