विमान उतरताना बाळ का रडते?

तान्ह्या मुलाला घेऊन परदेशी जाताना विमान उतरू लागले की बाळ रडू लागते, असा अनुभव अनेकांना येतो. याचे कारण बहुधा कानात असते. उंचावर असताना विमानाच्या आतील हवेचा दाब समुद्रसपाटीपासून सुमारे १,८०० ते २,४०० मीटर उंचीवरील हवेइतका असतो. उतरताना तो वाढतो आणि कानाचा पडदा आत ढकलला जातो. मध्यकर्ण व घसा यांना जोडणारी नलिका उघडली, तरच पडद्याच्या दोन्ही बाजूंचा दाब समान होतो. मोठी माणसे आवंढा गिळून ती उघडतात. बाळाला हे सांगून कळत नाही. शिवाय त्याची नलिका अरुंद असते. मुंबई-लंडनसारख्या नऊ-दहा तासांच्या प्रवासानंतर ते पुष्कळदा झोपलेले असते, आणि झोपेत गिळणे मंदावते.

म्हणून विमान उतरू लागताच बाळाला जागे करावे आणि डोके थोडे उंच धरून अंगावर किंवा बाटलीने दूध पाजावे. सर्दीने ही नलिका सुजते, तेव्हा वेदना वाढतात व क्वचित पडदाही फाटतो. बाळाला सर्दी झाली असेल किंवा त्याचा कान दुखत असेल, तर निघण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. त्यांनी सांगितल्यास प्रवास पुढे ढकलावा.