इस्त्री जास्त तापते तेव्हा

(घरातील विजेची इस्त्री गरजेपेक्षा जास्त तापू लागली, तर त्याचे कारण क्रमाने कसे शोधावे आणि कोणती खबरदारी घ्यावी, हे या पाठात सांगितले आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या हिंगोली जिल्ह्यात उन्हाळ्यात धुतलेले कपडे बघता बघता वाळतात. पावसाळ्यात मात्र तसे होत नाही. कयाधू नदीला पाणी येते, आभाळ दिवसभर भरलेले असते आणि दोरीवरचा गणवेश दुसऱ्या दिवशीही ओलसर राहतो. मग शाळेत जाण्याच्या घाईत आपण त्यावर इस्त्री फिरवतो. पावसाळ्यात इस्त्री हेच आपले कपडे सुकवण्याचे यंत्र असते! पण हीच इस्त्री जास्त तापली, तर शर्टावर तपकिरी डाग पडतो, नायलॉनची ओढणी वितळून इस्त्रीला चिकटते. कधी कधी घराला आगही लागू शकते.

इस्त्री का तापते, हे आधी समजून घेऊ. तिच्या आत नायक्रोम या मिश्रधातूची तार असते. या तारेतून वीज वाहू लागली की ती तापते आणि तिची उष्णता तळपट्टीला मिळते. तार तापवणे सोपे आहे. तिला योग्य वेळी थांबवणे महत्त्वाचे आहे. कोळशाच्या इस्त्रीत हे काम माणूस करतो. तो तळपट्टीवर पाण्याचे थेंब शिंपडून अंदाज घेतो. ऑटोमॅटिक इस्त्रीत हे काम थर्मोस्टॅट करतो.

थर्मोस्टॅटमध्ये दोन वेगवेगळ्या धातूंच्या पट्ट्या एकमेकींना घट्ट जोडलेल्या असतात. तापल्यावर दोन्ही प्रसरण पावतात. पण एक जास्त, तर दुसरी कमी. त्यामुळे जोडपट्टी वाकते. ती पुरेशी वाकली की विजेचा संपर्क तुटतो आणि तार तापणे थांबते. इस्त्री थोडी थंड झाली की पट्टी सरळ होते आणि वीज पुन्हा सुरू होते. इस्त्रीतून मधूनमधून ‘टक्’ असा बारीक आवाज येतो, तो याच पट्टीचा! बहुतेक इस्त्र्यांवरचा छोटा दिवाही तिच्याबरोबर लागतो आणि विझतो.

आता बिघाड शोधू. हे काम घरातील मोठ्या माणसासमोरच करावे.

पहिला प्रश्न : दोष इस्त्रीचा आहे की आपला? कपड्याच्या आतील पट्टीवर इस्त्रीचे चित्र असते. त्यात एक टिंब असेल तर तळपट्टीचे तापमान ११० अंश सेल्सिअसपर्यंत, दोन टिंबे असतील तर १५० पर्यंत आणि तीन टिंबे असतील तर २०० पर्यंत चालते. अनेक गणवेश सुती वाटतात. पण त्यांत पॉलिस्टरचा धागा मिसळलेला असतो. अशा कपड्याला सुती कपड्याइतकी उष्णता सोसत नाही. धागे मिसळलेले असतील, तर जो धागा लवकर जळतो त्याच्या मानाने चकती फिरवावी.

दुसरा प्रश्न : उष्णता नेमकी कोठे आहे? इस्त्रीची तळपट्टी तापणारच. पण पिन, बोर्ड किंवा वायर तापत असेल, तर दोष तेथे आहे. १००० वॉटची इस्त्री २३० व्होल्टवर सुमारे ४.३ अँपिअर वीज घेते. ढिल्या सॉकेटमध्ये किंवा आतून तुटत आलेल्या वायरमध्ये एवढी वीज वाहिली की ती जागा तापते आणि काळी पडते. अशा वेळी बटण बंद करावे. थर्मोस्टॅट बदलून येथे काहीच उपयोग होणार नाही.

तिसरा प्रश्न : थर्मोस्टॅट काम करतो का? इस्त्री तिच्या टाचेवर उभी करा. जवळ कपडा ठेवू नका. चकती सर्वांत कमी उष्णतेवर आणून बटण सुरू करा आणि दिव्याकडे पाहा. तो थोड्याच वेळात विझला आणि काही वेळाने पुन्हा लागला, तर थर्मोस्टॅट चालू आहे. दोन मिनिटे झाली तरी दिवा विझत नसेल आणि उष्णता वाढतच असेल, तर लगेच बटण बंद करून पिन काढा. अशा इस्त्रीत बहुधा संपर्काची टोके ठिणग्यांनी एकमेकांना चिकटलेली असतात. दिवा नीट लागतो-विझतो आणि तरीही कपडा जळतो, असे असेल तर चकती आपल्या जागेवरून सरकलेली असू शकते.

तुमचे काम येथे संपते. इस्त्री उघडणे हे कारागिराचे काम आहे. मात्र त्याला ‘इस्त्री खराब झाली’ एवढेच सांगू नका. ‘चकती कमीवर आहे, तरी दिवा विझत नाही,’ असे सांगा. नेमके सांगितले म्हणजे दुरुस्तीही नेमकी होते.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. थर्मोस्टॅट बिघडला किंवा आतील सुरक्षा-फ्यूज तुटला की काही ठिकाणी तो भाग काढून तारा सरळ जोडून देतात. याला ‘डायरेक्ट करणे’ म्हणतात. पैसे कमी लागतात आणि इस्त्री लगेच तापते, म्हणून आपल्याला बरे वाटते. पण त्या इस्त्रीला आता थांबवणारा कोणी उरत नाही. चौकीदार ओरडतो म्हणून चौकीदारालाच काढून टाकावे, तसे हे आहे. फ्यूज तुटतो, तेव्हा तो काहीतरी सांगत असतो. त्याचे ऐकावे, कारण शोधावे आणि त्याच मापाचा नवा भाग बसवावा.

ही गोष्ट फक्त इस्त्रीपुरती नाही. ज्या देशांत ऊन कमी, तेथे अनेक घरांत कपडे सुकवण्याचे विजेचे यंत्र असते. त्याला ड्रायर म्हणतात. त्यात तापणारी तार, हवा फिरवणारा पंखा, थर्मोस्टॅट आणि सुरक्षा-फ्यूज असतो. कपड्यांचे बारीक तंतू जाळीत अडकले की गरम हवेची वाट बंद होते, यंत्र जास्त तापते आणि तेच तंतू पेट घेतात. २००८ ते २०१० या काळात अमेरिकेतील घरांमध्ये ड्रायरमुळे दरवर्षी सुमारे २,९०० आगी लागल्या. सफाई न करणे हे त्यांचे सर्वांत मोठे कारण होते. १९ ऑगस्ट २०१६ रोजी लंडनमधील शेफर्ड्स कोर्ट या अठरा मजली इमारतीत आग लागली. तीही एका सदोष ड्रायरमुळे लागल्याचे तेथील अग्निशमन दलाने सांगितले. सुदैवाने त्यात कोणाचा जीव गेला नाही. त्या ड्रायरपेक्षा आपली इस्त्री लहान आहे. पण उष्णतेचा नियम दोघांना सारखाच लागू आहे.

आपल्याकडे आणखी एक धोका आहे. इस्त्री करता करता वीज जाते. आपण इस्त्री तशीच कपड्यावर ठेवून दुसऱ्या कामाला लागतो. वीज केव्हा येईल, हे कोणालाच ठाऊक नसते. ती आली आणि घरात कोणी नसले, तर काय होईल? म्हणून वीज गेली की सर्वांत आधी पिन काढावी.

नवी इस्त्री घेताना तिच्यावर आयएसआय चिन्ह आहे का, ते पाहा. तीन पायांचीच पिन वापरा. त्यातला जाड आणि लांब पाय अर्थिंगचा असतो. तो तोडून पिन दोन पायांची करू नका. तो पाय तुमच्या जिवाचा रखवालदार आहे.

मित्रांनो, उद्या घरातील इस्त्री जास्त तापली, तर घाबरू नका आणि दुर्लक्षही करू नका. बटण बंद करा, पिन काढा आणि वरचे तीन प्रश्न क्रमाने विचारा.

शब्दार्थ
बिघाड – खराबी
मिश्रधातू – दोन किंवा अधिक धातू मिसळून केलेला धातू
तळपट्टी – इस्त्रीचा खालचा गुळगुळीत, तापणारा भाग
प्रसरण पावणे – फैलणे, आकार वाढणे
सदोष – दोष असलेला
रखवालदार – राखण करणारा, पहारेकरी

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) इस्त्रीच्या आत कोणत्या मिश्रधातूची तार असते?
(आ) वीज गेल्यावर सर्वांत आधी काय करावे?
२. कारणे लिहा.
(अ) जोडपट्टी तापल्यावर वाकते.
(आ) इस्त्री ‘डायरेक्ट’ करणे धोक्याचे असते.
३. खबरदारी, नुकसान, सफाई, दुरुस्ती, हवा हे शब्द मराठीत आहेत आणि उर्दूतही आहेत. त्यांचा मराठी वाक्यांत उपयोग करा.
४. तुमच्या घरातील इस्त्रीचा दिवा विझत नाही, अशी कल्पना करा. कारागिराला तुम्ही काय सांगाल, ते चार वाक्यांत लिहा.