घाटाचे इंजिन आणि लॅपटॉपचा प्रोसेसर

उंबरमाळीच्या फलाटावर थोडा वेळ उभे राहा. लोकल येते, थांबते आणि पुढे कसाऱ्याहून परत फिरते. तिला घाट चढायचा नसतो. नाशिककडे निघालेल्या जड मालगाडीला मात्र कसाऱ्यात मागून जादा इंजिने जोडतात, कारण थळ घाटात दर 37 मीटरला 1 मीटर चढ आहे. तीच इंजिने लोकललाही जोडली तर? वीज वाया जाईल आणि गाडी वेळेआधी काही पोचणार नाही.

लॅपटॉप घेताना नेमकी हीच चूक होते. आकडा जितका मोठा तितका प्रोसेसर चांगला, असे समजून घरचे लोक जास्तीचे पैसे मोजतात. 3 गिगाहर्ट्‌झ म्हणजे प्रोसेसरच्या घड्याळाचे सेकंदाला 300 कोटी ठोके. पण एका ठोक्यात किती काम उरकते, हे त्याच्या रचनेवर ठरते. नावही फसवे असते. इंटेलच्या 2016 सालच्या 'आय-7 7500यू' मध्ये दोनच कोअर, म्हणजे काम करणारे गाभे, होते. पुढच्याच वर्षीच्या 'आय-5 8250यू' मध्ये चार!

मग गाभे वाढवत जावे का? पुण्याच्या सी-डॅकने 1991 साली 'परम 8000' हा महासंगणक ट्रान्सप्युटर नावाचे अनेक प्रोसेसर जोडूनच उभारला. पण काम वाटून देता आले तरच हे साधते. विहिरीवर रहाट एकच असेल, तर दहा माणसे असूनही पाणी लवकर निघत नाही.

आता विजेचा हिशेब करा. इंटेलच्या नावातील 'यू' हे अक्षर साधारण 15 वॅटचा, तर 'एच' हे त्याहून जास्त वॅटचा प्रोसेसर दाखवते. बॅटरी 50 वॅट-तासांची धरा. सगळा लॅपटॉप मिळून 10 वॅट खात असेल, तर ती 5 तास पुरेल. 50 वॅट खात असेल, तर जेमतेम तासभर. पावसाळ्यात वीज गेली आणि उद्या प्रकल्प द्यायचा असला, की हा फरक कळतो! टंकलेखन, तक्ते, पाठांच्या चित्रफिती यांना 'यू' पुरतो. चित्रफितींचे संकलन किंवा त्रिमितीय आराखडे रोजच करायचे असतील, तरच 'एच' घ्या. माझ्या मते वाचलेले पैसे रॅम 8 वरून 16 गिगाबाइट करण्यात घालावेत.

करून पाहा : शाळेतील विंडोज संगणकावर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकदम दाबा. प्रोसेसर किती टक्के गुंतला आहे, ते दिसेल. आधी निबंध टंकलिखित करताना आणि मग चित्रफीत चालू असताना आकडा वहीत टिपून घ्या.